सातबावची मूळ माणसं

पास्कोल मास्तरांना आयुष्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला होता. पहिल्यांदा तो डी.एड.च्या वसतिगृहात आला. खोलीतल्या मुलांनी आडनाव विचारलं, यांनी तुस्कानो म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या एकानं पेरू खाता खाता अगदी सहज विचारलं, "मग तुमचे लोक बाटले कधी?" पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवताना, शिक्षकांच्या शिबिरात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून तो प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येत राहिला. "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो," हेही त्याचंच एक रूप. मास्तर हसून वेळ मारून नेत. घरी आल्यावर मात्र ते जेवता जेवता तोच प्रश्न घोळवत बसायचे. पोर्तुगीजांच्या आधी आपण कोण होतो, हे त्यांना एकदा कुणाला तरी ठणकावून सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं हाताशी काही नव्हतं.

म्हणून २०४१च्या उन्हाळ्यात कल्याणच्या खाडीकाठी जुन्या ख्रिस्ती कबरी सापडल्याची बातमी आली, तेव्हा मास्तरांनी वसईच्या सातबाव गावातून पुण्याला मुलीला फोन लावला. शहात्तर वर्षांच्या माणसानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"लुर्डीन, हे खरं आहे का गं?"

"खरं आहे, पप्पा. आणि त्यांचे दात माझ्याकडेच येणार आहेत."

डॉ. लुर्डीन तुस्कानो पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जुनी हाडं वाचायची. 'वाचायची' हा तिचाच शब्द. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा पाया खणताना जमिनीखाली दगडी भिंतीचा एक कोपरा लागला होता आणि भिंतीला लागून ओळीनं कबरी होत्या. सगळ्यांचे पाय पूर्वेला. एका शिळेवर क्रूस कोरलेला, खाली पहलवी या जुन्या इराणी लिपीतल्या तीन झिजलेल्या ओळी. सहाव्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं या बंदरात ख्रिस्ती लोक असल्याचं आणि त्यांचा बिशप इराणहून येत असल्याचं लिहून ठेवलं होतं. त्यापलीकडे त्या लोकांबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. ते खात काय होते, आजारी पडले की त्यांच्याकडे कोण बघत होतं, त्यांची मुलं जगत होती का, हे कुणी लिहून ठेवत नाही.

ते दात सांगतात. माणसाच्या दाताचं कवच लहानपणी एकेक थर करून चढतं, झाडाच्या खोडात वलयं चढावीत तसं, आणि एकदा चढलं की जन्मभर बदलत नाही. त्या त्या महिन्यात मुलानं जे खाल्लं-प्यायलं त्याची खूण त्या त्या थरात राहते. आईचं दूध कधी सुटलं ते कळतं. दुष्काळ पडला किंवा मोठा ताप आला तर थर चढायचा थांबतो आणि तिथं बारीक रेघ उमटते. पाण्यातून आणि धान्यातून शरीरात जाणारं स्ट्रॉन्शियम जमिनीखालच्या खडकाप्रमाणे बदलतं, त्यामुळे मूल कुठल्या मुलखातलं पाणी पीत होतं त्याचाही अंदाज येतो. मोठेपणीचं जेवण दातांवर साचलेल्या कीटणात अडकून बसलेलं असतं. पूर्वी हे सगळं तपासायला दात फोडावा लागे आणि वर्ष-दीड वर्ष जाई. आता थरवाचक आला होता. लेझरचा केसापेक्षा बारीक किरण दातावर फिरायचा आणि काही दिवसांत त्या माणसाच्या बालपणाचा पट पडद्यावर उलगडायचा. जोडीला कानामागच्या टणक हाडातून डीएनए काढायची नवी पद्धत होती. दमट किनाऱ्यावर इतकी वर्षं जे अशक्य होतं ते तिनं शक्य केलं होतं.

यंत्र शास्त्रज्ञांसाठी आलं, पण त्याची खरी मागणी वेगळ्याच लोकांकडून होती. गावोगावचे संघ, मंडळं, समाज हाडांशी आपली लाळ जुळवून मागू लागले. जुळली की वेशीवर फलक लागे, अमुक शतकापासूनचे मूळ रहिवासी. न जुळलेल्यांचं काय, हा प्रश्न कुणी फलकावर लिहीत नसे. लुर्डीन अशा लोकांना हसायची. संस्थेच्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या नकला करायची.

तरीही सातबावच्या लोकांची लाळ घ्यायची कल्पना तिचीच होती. तुलनेसाठी किनाऱ्यावरचे ख्रिस्ती नमुने हवे होते, हे खरं. पण नमुने दुसऱ्या गावातूनही घेता आले असते. ती आपल्या गावाला गेली, ते पप्पांसाठी.

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पडवीत टेबल मांडलं. मास्तर स्वतः इस्त्रीचा सदरा घालून रांग लावत उभे होते. दफनभूमीच्या कमिटीचे ते अध्यक्ष, गावातलं प्रत्येक घर त्यांच्या तोंडपाठ. दुपार होत आली तेव्हा एक काळीसावळी, पन्नाशीची बाई पुढे आली. केस घट्ट बांधलेले, साडीचा पदर कमरेला खोचलेला.

"बाई, माझं पण घ्या ना."

"तुमचं नाव काय ताई?"

"सलोमी. सलोमी टोप्पो. आम्ही झारखंडचे."

लुर्डीननं तिला नीट समजावलं. हा अभ्यास फक्त इथल्या मूळ कुटुंबांसाठी आहे, बाहेरचा नमुना मिसळला तर हिशेब बिघडतो, राग मानू नका. आवाज गोड होता. परक्यांशी बोलताना तो तसाच गोड असायचा.

"राग कसला," सलोमी हसली. "मी म्हटलं, अठरा वर्षं इथलंच पाणी पितेय, तर थुंकी पण इथलीच झाली असेल."

रांगेतले दोघे-तिघे हसले. लुर्डीनही हसली. सलोमी टेबलावर पडलेले कागदी पेले गोळा करून, कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून गेली.

पहिला निकाल जुलैत आला. भिंतीपासून जरा लांब असलेल्या कबरीतल्या एका बाईचा डीएनए चांगला टिकला होता, आणि त्यातले तुकडे सातबावच्या नमुन्यांशी जुळत होते. एकदोन घरांशी नाही, जवळजवळ सगळ्यांशी. लुर्डीननं पडद्यावर ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना. शास्त्रज्ञानं अशा वेळी काय करायचं असतं ते तिला माहीत होतं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या समाजांशी ताडून पाहायचं, मग तोंड उघडायचं. तिनं शनिवारी गाडी काढली आणि थेट सातबाव गाठलं.

मास्तर अंगणात केळीला पाणी घालत होते.

"पप्पा, जुळतंय."

त्यांनी पाण्याची नळी तशीच खाली सोडली. पाणी वाहत राहिलं, पायांखाली चिखल झाला, तरी ते हलले नाहीत. मग डोळ्यांवरून सदऱ्याची बाही फिरवली आणि म्हणाले, "तुझी आई असायला हवी होती."

आठवडाभरात तिनं राहिलेलं काम केलं. आगरी, कोळी, भंडारी, पाठारे, किनाऱ्यावरच्या सगळ्या समाजांचे जुने नमुने संस्थेकडे होतेच. खाडीकाठच्या त्या बाईचा डीएनए या सगळ्यांशी सातबावइतकाच जुळत होता. उघड होतं काय झालं होतं ते. ती इथलीच, किनाऱ्यावरची मुलगी होती, त्या वस्तीत लग्न होऊन गेलेली असावी. तिच्या माहेरचे लोक दीड हजार वर्षांत साऱ्या किनाऱ्यावर पसरले होते. तिच्यावरून सातबावची माणसं त्या ख्रिस्ती वस्तीची वारस ठरत नव्हती. आणि ठरत असतील, तर समोरचा प्रत्येक मासेवाला, प्रत्येक रिक्षावाला तेवढाच वारस होता.

शुक्रवारी तिनं हे पप्पांना सांगायला फोन उचलला. त्याआधीच मास्तर बोलायला लागले. येत्या रविवारी वेदीपाशी येऊन चार शब्द बोलायला फादरांनी त्यांना सांगितलं होतं. लग्नातला कोट कपाटातून काढून उन्हात टाकला होता. गावातल्या तरुणांनी वेशीवर फलक लावायचं ठरवलं होतं. वसतिगृहातला तो पेरू खाणारा मुलगा, आता तोही म्हातारा झालेला, त्याचा नंबर मास्तरांनी कुठून तरी मिळवला होता.

"तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही, पप्पा. कोटाला कसर लागली नाही ना, ते बघा."

नंतर सांगू, असं तिनं ठरवलं. शोधनिबंध छापून येईल तेव्हा त्यात सगळं असेलच. तोवर म्हाताऱ्याचा आनंद राहू दे. स्वतःला समजावायला हे पुरेसं होतं, आणि ती हुशार होती, त्यामुळे समजूत लवकर पटली.

मास्तरांचं भाषण गाजलं. फलक लागला: 'सातबाव, पंधराशे वर्षांची ख्रिस्ती परंपरा.' गणपतीच्या सुमाराला दफनभूमीच्या कमिटीनं एक ठराव केला. जागा अपुरी पडत होती, हे खोटं नव्हतं. नव्या इमारतींमध्ये बाहेरून पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं राहायला आली होती, आणि एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा माणसं ठेवावी लागत होती. यापुढे दफनाची जागा फक्त मूळ कुटुंबांना, असं ठरलं. फादर म्हणाले, "मास्तर, जरा विचार करा." मास्तर म्हणाले, "फादर, तुम्ही पाच वर्षांनी बदलून जाल. आम्ही पंधराशे वर्षं इथं आहोत."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लुर्डीन दोन दिवसांसाठी घरी आली होती. सकाळी ती आणि मास्तर ओटीवर चहा घेत बसले असताना फाटकापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. भाजीच्या शीतगृहातल्या कामगारांचा निळा गणवेश, पाय अनवाणी. आत ये म्हणेपर्यंत तो आला नाही.

"मी बिश्राम टोप्पो. माझी बायको पहाटे गेली, मास्तर. झोपेतच गेली. सलोमी."

मास्तर उठून उभे राहिले. "देवाची इच्छा. बसा, पाणी घ्या."

"बसत नाही. फादर म्हणाले, कमिटीला विचारा. जागेसाठी आलो."

मास्तरांनी हात जोडले. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. दुःख झालेल्या माणसाशी कसं बोलावं हे त्यांना येत होतं, आणि त्या येण्यातच सगळं नीट झाकलं जात होतं. "तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण आता नियम झालाय. बाहेरून आलेल्यांसाठी महापालिकेची जमीन आहे, तिथली व्यवस्था मी फोन करून लावून देतो. मी एकट्यानं नाही ठरवलेलं हे. शास्त्रानंच दाखवून दिलंय, इथली मूळ माणसं कोण ते. ही माझी मुलगी. हिनंच ते काम केलंय. हिला विचारा."

बिश्राम लुर्डीनकडे वळला. त्यानं काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते आणि त्यांत थोडी आशा होती. शिकलेली बाई आहे, काहीतरी म्हणेल.

एक वाक्य पुरलं असतं. पप्पा, ते खरं नाही. लुर्डीनच्या जिभेवर ते आलंही. मग तिला बापाचा चेहरा दिसला, परक्या माणसासमोर लेकीकडे अभिमानानं पाहणारा.

"ते कमिटीचं काम आहे," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही."

बिश्रामनं मान हलवली. "ठीक आहे," म्हणाला, आणि जाताना फाटक ओढून घेतलं. बाहेरची गुरं आत शिरू नयेत म्हणून कडी नीट बसली का तेही पाहिलं. लुर्डीनच्या कपात चहा तसाच होता. तो तिनं प्यायला. पिताना तिला ती बाई आठवली, पेले गोळा करणारी, आणि तिच्या लक्षात आलं की आपण तिचं नाव बिश्रामनं उच्चारल्याबरोबर ओळखलं होतं.

पुण्याला परतल्यावर तिनं स्वतःला कामात बुडवून घेतलं. भिंतीला अगदी लागून असलेल्या कबरीतल्या एका म्हाताऱ्या बाईचं वाचन बाकी होतं. ती भिंत प्रार्थनामंदिराची होती आणि वस्तीतली सगळ्यात मानाची जागा ती, वेदीच्या मागे. शेजारच्या कबरीवर क्रूसाची शिळा होती, तो धर्मगुरू असावा. उत्खननाच्या प्रमुख डॉ. निर्मला सोनटक्के यांचा तर्क होता की शेजारची ही बाई त्याची बहीण किंवा आई असणार. साठी ओलांडलेल्या सोनटक्के मॅडम कधी घाई करायच्या नाहीत, आणि लुर्डीन त्यांना मनातून घाबरायची.

थरवाचकानं त्या बाईचं आयुष्य एका आठवड्यात उलगडलं. जन्म किनाऱ्यावरचा नव्हता. तिच्या बालपणीच्या थरांत फार जुन्या ग्रॅनाइट खडकाची खूण होती, म्हणजे खूप पूर्वेकडचा मुलूख. दूध लवकर तुटलेलं. मग भुकेच्या रेघा, एकीमागून एक, इतक्या जवळजवळ की लुर्डीनला आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं. चार-पाच वर्षांची असताना खडक अचानक बदलला. ती किनाऱ्यावर आली होती, कशी आली ते दात सांगत नाहीत. विकली गेली असेल, टाकली गेली असेल, कुणाच्या तरी मागे चालत आली असेल. त्यानंतर एकही रेघ नव्हती. भात होता, मासे होते, दूध होतं.

आणि शेवट. तिचे मागचे सगळे दात मरण्याच्या कितीतरी वर्षं आधी पडले होते, जबडा भरून आला होता. कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं. ती चालू शकत नव्हती, चावू शकत नव्हती. उरलेल्या पुढच्या दातांवरच्या कीटणात दुधात शिजवलेली पेज आणि खजूर सापडला. खजूर इथं पिकत नव्हता, इराणच्या आखातातून जहाजानं यायचा. कुणीतरी तो वर्षानुवर्षं कुस्करून तिला भरवत होतं.

तिचा डीएनए त्या दफनभूमीतल्या कुणाशीही जुळला नाही. धर्मगुरूशी नाही, आणखी कुणाशीही नाही.

सोनटक्के मॅडमनी पडद्यावरचं सगळं पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी सगळ्या कबरींचा नकाशा उघडला. कोणी आखातातून आलेला, कोणी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा, एक ती इथली मुलगी, दोन मुलं कुठली ते कळतच नव्हतं.

"आपण कुळ शोधत होतो," त्या म्हणाल्या. "इथं कुळच नाहीये गं. सगळे उपरे. एकमेकांना धरून राहिलेत."

लुर्डीननं जुन्या ग्रॅनाइटचा मुलूख नकाशावर रंगवून पाहिला. गडचिरोलीपासून झारखंडपर्यंत आणि त्याच्याही पुढे रंग पसरला.

"ओढूनताणून काही जुळवू नकोस," मॅडम मागून म्हणाल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्या सवयीनं बोलल्या होत्या. लुर्डीनचे कान तापले. तिनं रंग पुसला. ती बाई सलोमीची कुणी नव्हती. कुणीच कुणाचं नसताना एकानं दुसऱ्याला आपल्या शेजारी जागा दिली होती, एवढंच तिथं होतं. आणि तेवढंही सातबावच्या ओटीवर तिच्याच्यानं झालं नव्हतं.

ती स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. आरशात बघायचं तिनं टाळलं.

शनिवारी दुपारी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. जेवणं झाली होती, ताटं तशीच होती. तिनं त्या म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. मास्तर ऐकताना मध्येच म्हणाले, "खजूर भरवायचे? वा." मग तिनं जुळण्याचं सांगितलं. ते कुणाशीही जुळतं, त्याला काही अर्थ नाही, हे सांगितलं.

मास्तर ताटातल्या शितांकडे बघत राहिले.

"हे तुला कधी कळलं?"

"जुलैतच."

"म्हणजे मी चर्चमध्ये बोललो त्याच्या आधी."

"हो."

"तो माणूस आला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, पप्पा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुश होतात."

"माझ्यावर ढकलू नकोस," मास्तर शांतपणे म्हणाले. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाशी ते याच आवाजात बोलत. मग तो आवाजही गेला. ते उठले, हात धुऊन आले आणि पुन्हा त्याच पाटावर बसले. "आणि मी तरी तुझ्यावर काय ढकलू? समज, जुळलं असतं. समज, आपण खरोखर त्यांचेच. मग त्या माणसाला मी जे सांगितलं ते बरोबर ठरलं असतं का?"

लुर्डीननं ताटं एकात एक ठेवायला घेतली.

"मला जन्मभर लोकांनी विचारलं, तू कुठला. आणि मला संधी मिळाल्याबरोबर मी काय केलं बघ." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "त्या बाईला मी दर रविवारी बघत होतो. शेवटच्या बाकावर बसायची. मला तिचं नाव माहीत नव्हतं. गावातल्या कुत्र्यांची नावं मला माहीत आहेत."

संध्याकाळी दोघं शीतगृहामागच्या कामगारांच्या खोल्यांकडे गेले. बिश्रामनं त्यांना पाहून खुर्च्या बाहेर आणल्या, एक शेजारून मागून घेतली. चहा ठेवला. मास्तरांनी खुर्चीत बसून बोलायला सुरुवात केली, ते जमेना, म्हणून उभे राहिले.

"आमची चूक झाली. नियम चुकीचा आहे, मी तो रद्द करायला लावीन. तुमच्या मिसेसना, सलोमीबाईंना, आपण सातबावला आणू. माझ्या बायकोच्या शेजारची जागा माझी आहे. ती देतो."

बिश्रामनं गाळणीतून चहा ओतला. 

"नको, मास्तर."

"मनापासून म्हणतोय मी."

"ते दिसतंय. पण त्या दिवशी मी तिला गाडीत घालून दिवसभर हिंडलो. महापालिकेच्या फाटकावर पण दोन तास थांबवलं, कागद कमी होता. ऊन होतं. आता ती एका जागी आहे. मी तिला परत उचलणार नाही."

लुर्डीननं तोंड उघडलं. "शास्त्रानं तसं काही दाखवलेलं नाही, हे मला त्या दिवशी माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. मी..."

"हो," बिश्राम म्हणाला. "मला वाटलं होतं तुम्ही बोलाल." त्यात राग नव्हता. झालेली गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "चहा घ्या, निवतोय."

तो ओरडला असता, हाकलून दिलं असतं, तर लुर्डीनला काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं. तिनं चहा घेतला. साखर जास्त होती, पाहुण्यांसाठी घातलेली.

पुढच्या रविवारी मास्तर वेदीपाशी उभे राहिले. या वेळी कोट नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. मग लुर्डीननं साध्या शब्दांत शास्त्र समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर पडवीत कुजबुज सुरू झाली. कमिटीच्या बैठकीत ठराव मागे घ्यायचा विषय निघाला तेव्हा तो पडला. मास्तरांच्या बाजूनं फादर आणि एक विधवा बाई, बस. जागा अपुरी होती, ती अपुरीच राहिली होती.

"अहो मास्तर," कमिटीतला एक जण म्हणाला, "आधी जुळलं म्हणाली, आता नाही म्हणते. वरून दबाव आला असेल पोरीवर. आम्हाला कळत नाही का?"

"दबाव नाही. ती आधी खोटं बोलली."

"तुमची लुर्डीन खोटं बोलणारी नाही," तो माणूस आपुलकीनं म्हणाला. "लहानपणापासून बघतोय आम्ही तिला."

मास्तरांनी अध्यक्षपद सोडलं. वेशीवरचा फलक तसाच राहिला. दिवाळीच्या आधी तरुणांनी त्याला नवे दिवे लावले. पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला आणि जगभर वाचला गेला. वर्तमानपत्रांनी पेज भरवल्या गेलेल्या म्हातारीवर सुंदर लेख लिहिले. सातबावमध्ये ते लेख चर्चच्या फळ्यावर लावले गेले, मथळ्याखाली कुणीतरी पेनानं लिहिलं, 'आपले पूर्वज.' इतर गावांतून लुर्डीनला फोन येत राहिले, आमचीही लाळ बघा. ती नाही म्हणायची, आणि का नाही ते प्रत्येकाला सांगायची. सांगताना दर वेळी तिची मान खाली जायची, समोर कुणी नसलं तरी. कॅन्टीनमधल्या नकला बंद झाल्या होत्या. मित्रांनी कारण विचारलं, ते तिनं सांगितलं, आणि मग तेही थोडे लांब झाले.

सलोमी गेली त्याच वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सातबावची दफनभूमी झेंडूनं आणि मेणबत्त्यांनी भरून गेली. मास्तर सकाळी बायकोच्या कबरीवर फुलं घालून आले आणि लुर्डीनला म्हणाले, "गाडी काढ."

महापालिकेची जमीन हमरस्त्याच्या पलीकडे, भरावाच्या मागे होती. झाड नव्हतं. मातीचे उंचवटे आणि त्यांवर खोचलेल्या आकड्यांच्या पट्ट्या. एका उंचवट्यावर सिमेंटचा छोटा क्रूस होता, हातानं ओतलेला, एक बाजू जरा तिरकी. बिश्राम उकिडवा बसून गवत काढत होता. त्याच्या गावाकडचे चार-पाच जण जरा मागे उभे राहून हलक्या आवाजात त्यांच्या भाषेत गात होते.

त्यानं यांना पाहिलं. मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. लुर्डीन हातातली फुलं घेऊन तिथंच थांबली. फुलं कुठं ठेवायची, ठेवायची की नाही, तिला कळेना.

मास्तर पुढे गेले. गुडघे धरून, तोंडानं श्वास सोडत, हळूहळू कबरीच्या दुसऱ्या बाजूला खाली बसले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि गवत उपटायला लागले. गाणं चालू होतं. शब्द त्यांना कळत नव्हते, म्हणून ते खाली बघून मन लावून उपटत होते, एकेक काडी मुळासकट.

"मास्तर," थोड्या वेळानं बिश्राम म्हणाला, "ते नका काढू. ते मी लावलंय."

मास्तरांच्या मुठीत एक कोवळं रोप होतं, अर्धवट उपटलेलं, मुळांना माती लागलेली. ते त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते परत खड्ड्यात ठेवलं, भोवतालची माती दोन्ही हातांनी ओढली, दाबली, आणि ते उभं राहतंय का बघायला हात तसेच धरून बसले. रोप एका बाजूला कललं. बिश्रामनं हात पुढे केला आणि दुसऱ्या बाजूनं थोडी माती लावली.